स्मिर्ना न पाहिलेली बाई

प्रिय प्रोद्रोमोस,

तुझं पार्सल पोचलं. कॉफीचा डबा, साबणाच्या वड्या, आईसाठी लोकरीच्या सपाता आणि माझ्यासाठी स्वेटर. स्वेटर बाह्यांना लांब होतो, पण मी दुमडून घालते. लहानपणी मी तुझ्यापेक्षा उंच होते, तीच उंची तुझ्या डोक्यात राहिली असावी. माणूस वाढतो तसा आटतोही, हे तिकडे राहून लक्षात येत नसेल.

इकडचं ठीक चाललंय. तंबाखूच्या गाठी बांधून झाल्या. व्यापारी येऊन गेला, दरवर्षीसारखं नाक मुरडून गेला आणि दरवर्षीसारखा माल घेऊनही गेला. तुतीच्या झाडाची मोठी फांदी बर्फाने मोडली, ती अनेस्तीसने कापून दिली. त्याची जर्मनीची नोकरी सुटली ते बरंच झालं म्हणायचं. गावात फांदी कापायला एक तरी पुरुष राहिला. चौकीवर नवा शिपाई आलाय. पोरगेलासा आहे, रस्त्यात भेटला की आधी तोच नमस्कार करतो. आपल्या वेळचे असे नव्हते.

मी लांब पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. सगळे खुशाल, तूही खुशाल असावास, एवढ्यात माझा कागद संपतो. आज तसं होणार नाही. फोतिनी कामावर गेल्यावर एकट्याने वाच असंही मी सांगणार नाही. ती घरात असतानाच वाच, आणि तिने काय लिहिलंय विचारलं तर तिच्या हातात दे.

मला तुझी भीती कळते, हे आधी लिहून टाकते. त्या दिवशी बाजारात तू होतास, मी नव्हते. तू सात वर्षांचा होतास आणि बैलाचं दावं तुझ्या हातात होतं. बाबा बैलाला मागे घेत होते. आता बैलाला मागे घ्यायचं तर ज्या भाषेत तो वाढला त्याच भाषेत सांगणार. बाबा तुर्कीत म्हणाले, मागे हो, राजा. शिपाई मागेच उभा होता. त्याने बाबांना वळवलं आणि भर बाजारात थोबाडीत मारली. टोपी चिखलात पडली. इथे ग्रीक बोलायचं, कळलं का, तुर्की बियाणं. बाबांना ते नीट कळलंही नाही, कारण त्यांना ग्रीक बाजारापुरतंच येत होतं. ते त्याच्याकडे बघून नुसते हसले, माणूस न समजल्यावर हसतो तसे. म्हणून दुसरी बसली. हे सगळं मला तू सांगितलंस, धान्याच्या कणगीमागे बसून, आणि सांगताना तू विजार ओली केली होतीस. त्या संध्याकाळी बाबांनी आपल्याला समोर बसवलं आणि आजपासून घरात ग्रीक बोलायचं असं सांगितलं. तेसुद्धा तुर्कीतच सांगितलं बिचाऱ्यांनी. मग आपलं घर गप्प झालं. चार माणसं जेवायला बसायची आणि मीठ हवं असलं तर बोटाने दाखवायची.

आई मात्र चुलीशी बोलायची. पिठाशी, कोंबड्यांशी, देवाशी. 'आकाशातल्या बापा' हेही ती तुर्कीतच म्हणायची, कारण तिच्या आईने तिला तसंच शिकवलं होतं आणि देवाने त्याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. तुर्की आणि ग्रीक, दोन सरकारांनी धर्म बघून माणसं बदलून घेतली. आपण क्रूसाची खूण करणारे, म्हणून आपल्याला कायसेरीच्या डोंगरातून उचलून इकडे टाकलं. जीभ कुठली आहे हे कुणी विचारलं नाही. तिकडे आम्ही काफिर होतो, इकडचे म्हणाले यांचा बाप्तिस्मा पाण्यात नाही, दह्यात झालाय, म्हणजे हे धड ख्रिस्तीही नाहीत, हे आई हसत सांगायची. एक मूल तिने बोटीवर गमावलं, एक इथल्या तंबूत. तेही सांगायची, पण हसत नाही.

बाबा युद्धात गेले. तू हुशार निघालास. शाळेत ग्रीकमध्ये पहिला आलास, इतका की इन्स्पेक्टरने तुला बाकावर उभं करून वाचायला लावलं. तू गावात तुर्की बोलेनासा झालास. कुणी बोलावलं तर ग्रीकमध्ये उत्तर द्यायचास. मला तू मोठी बहीण म्हणून 'आबला' म्हणायचास ते बंद केलंस आणि दोम्ना म्हणायला लागलास. पुढे आडनावही बदललंस, देमिरजोग्लूचा, म्हणजे लोहाराच्या मुलाचा, सिदेरीस झालास. लोहाराचा मुलगा तो लोहाराचाच राहिला, फक्त लोखंड ग्रीक झालं, असं मी तेव्हा म्हटलं होतं आणि तुला राग आला होता. आई म्हणाली, असू दे, नाव काय, अंगरखा आहे, त्याला बोचत असेल तर बदलेल. तिने तुझ्यावर कधी दोष ठेवला नाही. म्हणून तर मला ठेवावा लागतो.

मग फोतिनी आली. मुलगी चांगली, हे मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं. पण तिचे वडील सेरेसचे हेडमास्तर, आणि त्यांनी बैठकीत स्पष्ट सांगितलं की निर्वासित असला तरी चालेल, पण घर ग्रीक बोलणारं हवं; ते दह्यातले नकोत. तू परत आलास तो पांढराफटक पडला होतास. त्यांना काय सांगितलंस ते तू मला सांगितलंस, आईला नाही. आपलं घराणं स्मिर्नाचं, ग्रीक बोलणाऱ्या बंदराचं. तुर्की सैन्य शिरलं आणि शहराला आग लागली तेव्हा आई धक्क्यावर होती, आणि जे पाहिलं त्याने तिची वाचा गेली. ऐकूही येत नाही. मी तुला विचारलं, आईने स्मिर्ना पाहिलंय का? तू म्हणालास, "दोम्ना, एक दिवसाचा तर प्रश्न आहे." आईला तू एवढंच सांगितलंस की लग्नात बोलू नकोस, तिथली माणसं कडक आहेत. ती लगेच हो म्हणाली. तुझं लग्न होतं. तू तिला विहिरीत उतर म्हणाला असतास तरी ती आधी चपला काढून ठेवून उतरली असती.

लग्नात तुझ्या सासऱ्यांनी भाषण केलं. तू मान खाली घालून बसला होतास, मी आईच्या शेजारी होते. या माउलीची जीभ तुर्कांनी नेली, असं ते म्हणाले. बायका रडायला लागल्या. एकेकजण येऊन आईचा हात चुंबून गेली. आई आपली सगळ्यांकडे बघून मान हलवत होती, आणि मला वाटत होतं की जमीन फाटावी. दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये तिने मला विचारलं की माझ्याकडे बघून त्या का रडत होत्या. मी सांगितलं. ती हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग डोक्याच्या रुमालाने तोंड पुसून म्हणाली, "पण तुझ्या भावाच्या सासऱ्याला अर्धी आपलीच भाषा येते की गं. भाषणात दुन्या म्हणाला, हाबेर म्हणाला, हाल म्हणाला, पाझार म्हणाला. मला वाटलं आपल्याकडचाच आहे." बस ड्रामा शहराच्या फाट्यावर थांबली तेव्हा ती पुन्हा बोलली. ते मी तुला आजवर सांगितलं नाही. "खरं सांग दोम्ना, माझी जीभ नेली कुणी?"

एक दिवस म्हणाला होतास. दहा वर्षं झाली. तुम्ही सणाला यायचात आणि आई मुकी व्हायची. फाटक वाजलं की ती चुलीशी चाललेलं बोलणं मध्येच तोडायची. फोतिनी तिच्याशी हातवारे करून, ओठ सावकाश हलवून बोलायची. तिच्यासाठी शाल आणायची, केस विंचरून द्यायची. पहिलं मूल पोटातच गेलं त्या वर्षी ती इथे येऊन राहिली होती, आठवतं? तू ड्रामाला कामावर होतास. फोतिनी रोज दुपारी आईच्या मांडीवर डोकं ठेवून बोलायची. या बाईला ऐकू येत नाही म्हणूनच बोलायची. तुझ्याबद्दल, तुझ्या रागाबद्दल, स्वतःच्या आईला सांगता येणार नाही असलं सगळं. मी तंबाखूची पानं ओवत दाराआड बसायचे आणि मला ते ऐकवायचं नाही. आई तिच्या केसांवरून हात फिरवत राहायची. तिला ग्रीक बोलता येत नव्हतं, पण तोवर कळायला बरंच लागलं होतं. हे तुला माहीत नव्हतं. तू तिला कधी विचारलंच नाहीस.

मुलगी झाली तेव्हा आपल्या रीतीप्रमाणे तिचं नाव माक्रीना ठेवायचं होतं, आईचं. तू अर्तेमिस ठेवलंस. आईने पाळण्यासाठी विणलेलं पांघरूण तरीही पाठवलं.

मग तू जर्मनीला गेलास, मागून बायको-पोरीलाही नेलंस. तिकडची बातमी आम्हाला अनेस्तीसने पहिल्या सुट्टीत आणली. अंगणात बसून, रकीचा पेला हातात घेऊन सांगत होता की तुमचा प्रोद्रोमोस तिकडे साहेब झालाय. आम्ही मशीनवर, तो ऑफिसात, टाय लावून. कारखान्यात तुर्क आलेत गाड्या भरभरून, त्यांना जर्मन कळत नाही, जर्मनांना ते कळत नाहीत. मग मध्ये कोण, तर आपला प्रोद्रोमोस. तुर्कीत असा फाडफाड बोलतो म्हणे, की अंकाराहून आलेला साहेबही चकित झाला. माझ्या हातातलं ताट खाली पडलं. आणि आई? आईने उठून रव्याचा हलवा केला. शेजारीपाजारी वाटला. माझ्या भाषेने माझ्या लेकाला खुर्ची दिली, असं दारोदार सांगत फिरली. मी तिच्यावर ओरडले. या भाषेपायी त्याने तुला मुकी केली आणि तीच भाषा तो तिकडे विकतोय, हे तुला दिसत नाही का, म्हणून ओरडले. ती म्हणाली, दिसतं; पण त्याला ती अजून येते, एवढंच मी बघते.

आता गेल्याच्या गेल्या उन्हाळ्याचं. तुला त्यातलं शेवटचंच ठाऊक आहे, आधीचं सांगते. फोतिनी आणि अर्तेमिस तुझ्या आधी दोन-तीन आठवडे आल्या. फोतिनी सकाळी झऱ्यावर गेली होती. आई तुतीखाली बसून पानं ओवत होती, पोर तिच्या पायाशी मांजराला छळत होती. सुई आईच्या बोटात घुसली आणि तिच्या तोंडून तुर्कीत निघून गेलं, अगं आई गं. पोरीने वर पाहिलं. आणि प्रोद्रोमोस, ती तुर्कीत म्हणाली, "दाखव बघू आजी, मी फुंकर घालते."

मी पायरीवर होते. आईने सुई खाली ठेवली. पोर तिचं बोट धरून फुंकत होती आणि बडबडत होती, आणि ती बडबड नुसती तुर्की नव्हती. तोच हेल होता. 'इकडे ये' म्हणताना शेवट ओढायची ती आपलीच तऱ्हा. आईने तिला विचारलं, पोरी, हे तुला कुणी शिकवलं? मुनेव्वेर मावशीने, म्हणाली. आई कामावर गेली की मी तिच्याकडे असते. मग सगळं उलगडलं. तुमच्या जिन्यावर वरच्या मजल्यावर राहणारी मुनेव्वेर कायसेरीकडची. आईच्या गावापासून एका टेकडीच्या अंतरावरची. पोरीला तिच्याकडे ठेवायचं तूच ठरवलंस, तूच तिच्याशी बोलून आलास. तुझ्या सोयीसाठी तुझ्या लेकीने आईच्या गावची भाषा उचलली, आणि तुला त्यात कधी काही जाणवलं नाही? रोज संध्याकाळी तुझी मुलगी तुझ्या आईच्या आवाजात घरी यायची आणि तू टाय सोडत बसायचास?

पुढचे काही दिवस त्या दोघींचं गुपित होतं. फोतिनी बाहेर गेली की सुरू. पोरीला वाटायचं हा खेळ आहे, आजी फक्त तिच्याशीच बोलते. आईने तिला सगळं सांगितलं: खडकात खोदलेली घरं, कबुतरांचे खोपे, बर्फात अडकलेलं गाढव, तिचा बाप नाल ठोकताना म्हणायचा ते गाणं. इतकी वर्षं चुलीशी बोलून साठलेलं. मी तिला अडवलं नाही. मी तंबाखू ओवायची सोडून ऐकत बसायचे.

फोतिनी एक दिवस लवकर परतली. पाव घेऊन फाटकात उभी होती, किती वेळ कोण जाणे. आईने तिला पाहिलं आणि शब्द अर्धाच राहिला, हात तोंडावर गेला. फोतिनीने मला विचारलं, "यांना ऐकू येतं?" मी म्हटलं, हो. "पहिल्यापासून?" पहिल्यापासून. ती तिथेच जमिनीवर बसली. रागावली ती तुर्कीवर नाही, हे लक्षात घे. तुर्की तिच्या जिन्यात रोजच आहे. तिच्या डोळ्यांसमोर त्या दुपारी आल्या असणार, मांडीवर डोकं ठेवून बोललेल्या. दोन दिवस ती आईकडे बघेना. तिसऱ्या दिवशी तिने स्टूल ओढलं, आईसमोर बसली आणि अर्तेमिसला म्हणाली, आजीला विचार, मी रडत होते तेव्हा तिला सगळं कळत होतं का? पोरीने विचारलं.  आईने जे सांगितलं ते तुझ्या सात वर्षांच्या लेकीने शब्दन्शब्द ग्रीकमध्ये केलं: "आजी म्हणते, शब्द निम्मेच कळले. पण मीही दोन पुरली आहेत, हे तुझ्या आईला सांग." फोतिनीने पुन्हा मांडीवर डोकं ठेवलं. तो आठवडा या घराचा सगळ्यात चांगला आठवडा होता, आणि तू त्यात नव्हतास.

मग तू आलास. दारात बॅग ठेवायच्या आधीच आईचा बोलण्याचा आवाज तुझ्या कानावर पडला आणि तुला कळलं. तू आईवर ओरडलास, आणि तेही ग्रीकमध्ये, म्हणजे तिला निम्मंच कळावं. पंधरा ऑगस्टला, मरियेच्या सणाला सासरे येणार होते. त्यांच्यासमोर फक्त एक दिवस, तू म्हणालास. पुन्हा एक दिवस. फोतिनी म्हणाली, तुमचं तुम्ही बघा, मी खोटं बोलणार नाही आणि खरंही बोलणार नाही. आई पुन्हा हो म्हणाली. पोरीला कुणी काही समजावलं नाही. तिला समजावायला कारण लागलं असतं, आणि ते तुझ्यापाशी नव्हतं.

तुतीखाली टेबल मांडलं होतं. आईने मांती केली होती, खिमा भरलेली, नखाएवढी, दही घालून. तुझ्या सासऱ्यांनी दोनदा वाढून घेतली आणि डोळे मिटून खाल्ली. अर्तेमिस आजीशेजारी बसली आणि तुर्कीत म्हणाली, आजी, त्या गाढवाचं सांग ना या आजोबांना.  आई ताटात बघत राहिली. पोर तिचा हात हलवायला लागली: आजी, बोल ना, काल तर बोललीस, माझ्यावर रागावलीस का?  पोर रडायला लागली. आणि तू उठलास आणि तिच्या थोबाडीत मारलीस.

त्यानंतर आई उभी राहिली. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मी विसरले होते. तुर्कीत, सगळ्यांसमोर म्हणाली, "ज्या हाताने पोरीला मारलंस तो हात तुझा नाही. तो त्या बाजारातल्या शिपायाचा आहे. तो तुझ्या अंगावर कधी उगवला, प्रोद्रोमोस?"

तू सासऱ्यांकडे बघत होतास. आम्ही सगळेच त्यांच्याकडे बघत होतो. त्या म्हाताऱ्याने काटा खाली ठेवला, रुमालाने मिशा पुसल्या आणि स्वच्छ, शहरी, जुन्या पद्धतीच्या तुर्कीत आईला बाईसाहेब करून म्हणाला, "बसा हानिम. मुलीला मारायला नको होतं." त्याला सगळं येत होतं. सुलतानाच्या सेरेसमध्ये जन्मलेला माणूस, रस्त्यावर तुर्की मुलांबरोबर गोट्या खेळलेला. त्याला येणार नाही तर कुणाला? तीस वर्षं ती भाषा बोलल्याबद्दल त्याने पोरांच्या हातावर पट्ट्या मारल्या होत्या. मला एक क्षण वाटलं, आता सुटलो. आता सगळे बोलतील. पण त्याने लगेच टेबलाभोवती नजर फिरवली आणि ग्रीकमध्ये म्हणाला, "हे इथेच राहू दे." आणि सगळ्यांनी ते तिथेच ठेवलं. कलिंगड कापलं गेलं. हवापाण्याच्या गप्पा झाल्या. तू कलिंगडाच्या बिया मोजल्यासारखा ताटात बघत होतास. ज्या माणसाला तू इतका भ्यालास, तो तुझ्याइतकाच भित्रा होता; पण तुला त्याचंही काही वाटलं नाही, तुला फक्त बरं वाटलं. ते मी तुझ्या तोंडावर पाहिलं.

दुसऱ्या सकाळी तू बायको-पोरीला घेऊन निघालास. अर्तेमिस आजीच्या एप्रनला धरून होती, तू तिची बोटं एकेक करून सोडवलीस. नंतरच्या उन्हाळ्यात तुम्ही समुद्रावर गेलात. आई जून लागल्यापासून रोज बस यायच्या वेळी फाटकात उभी राहायची. मी तिला सांगितलं की यंदा येणार नाहीत. ती म्हणायची, माहीत आहे, मी नुसती उभी आहे.

नाताळानंतर तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हे तुला मी कॉफीहाउसातल्या फोनवरून सांगितलं. सगळं गाव ऐकत होतं, म्हणून मी थोडक्यात सांगितलं: आई पडली आहे, ये. तू म्हणालास, रजेचं बघावं लागेल, पोरीची शाळा आहे. मग तू विचारलंस, "बोलते का?" मी म्हटलं, हो, बोलते. तू खालच्या आवाजात विचारलंस, "कोणत्या भाषेत?" मी फोन ठेवला. तुला वाटलं असेल लाइन तुटली. तुटली नव्हती.

आता हे पत्र का लिहिलं ते. आई गेली, प्रोद्रोमोस. तुझं पार्सल आलं त्याच्या आदल्या आठवड्यात, पहाटे, माझ्या हातावर. मी तार केली नाही. तार केली असती तर तू आला असतास, सासऱ्यांना घेऊन आला असतास, आणि तिच्या शवपेटीपाशी पुन्हा कुणीतरी स्मिर्नाच्या आगीचं भाषण केलं असतं. ते मला नको होतं. तिला आम्हीच नेली. गावातल्या म्हाताऱ्या बायका घरापासून कबरीपर्यंत तुर्कीतून रडल्या, मोठ्याने, रस्त्याच्या मधोमध. नवा शिपाई टोपी काढून कडेला उभा राहिला. शेवटच्या दिवसांत तिला ग्रीकचा एक शब्दही उरला नव्हता आणि ती सारखी अर्तेमिसशी बोलत होती, ती पलंगावर बसली आहे असं समजून. तुझं नाव त्यात नव्हतं. आलं होतं असं खोटं मी लिहिणार नाही. तुझ्याकडे मला काही मागायचं नाही. चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला येऊ नकोस, कबरीसाठी दगड पाठवू नकोस. एकच काम कर. पोरीला आजी गेल्याचं सांग, आणि ते मुनेव्वेरवर सोपवू नकोस. तू स्वतः तिला जवळ घेऊन बस आणि आईच्या भाषेत सांग. ऑफिसातल्या नाही, घरातल्या. शब्द आठवले नाहीत तर थांब. पोर तुला सांगेल.

तुझीच,
आबला